साक्षीदाराची मुलगी

ज्या न्यायालयाबद्दल मी लिहिते आहे त्याचं नाव मी सांगणार नाही. गुप्ततेच्या करारावर माझी सही आहे, आणि खरं सांगायचं तर नाव उच्चारायचीही इच्छा नाही. युरोपातल्या एका थंड शहरात ते भरायचं आणि युद्धात झालेल्या गुन्ह्यांचे खटले चालवायचं. मी कधी तिथे गेले नाही. माझा त्याच्याशी संबंध आला तो सिंगापूरमध्ये, पाया लेबारच्या एका ऑफिस इमारतीत, अकराव्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत.

आमची कंपनी छोटी होती. दोन लांबच्या जागा कॅमेऱ्याने जोडून द्यायच्या, बोललेलं ध्वनिमुद्रित करायचं, त्याची लेखी प्रत वेळेत पोचवायची, एवढंच काम. बहुतेक गिऱ्हाइकं म्हणजे जहाज आणि विमा कंपन्या, त्यांचे आपापसातले तंटे. मी पुण्याहून आलेली इंजिनिअर, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी आहे तोवरच्या परवान्यावर. नवरा मरीन इंजिनिअर, वर्षातले निम्म्याहून जास्त महिने बोटीवर. मुलगी प्राथमिक शाळेत. आम्ही बुओना व्हिस्टाला राहायचो. अशा घरात नोकरी हा आवडीनिवडीचा विषय राहत नाही.

मला तिथे काही वर्षं झाल्यावर आमच्या डायरेक्टरने मोठ्या कौतुकाने जाहीर केलं की एका आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं काम आपल्याला मिळालं आहे. त्यांची एक साक्षीदार सिंगापूरमध्ये राहते, वय झालेलं आहे, विमानप्रवास झेपणार नाही. ती आपल्या खोलीत बसून साक्ष देईल. सगळी जबाबदारी माझ्याकडे.

मी हरखून गेले होते, हे कबूल करते. इतकी वर्षं जहाजावर भिजलेल्या मालाची भांडणं ऐकून कान किटले होते. वाटलं, आता काहीतरी खऱ्या अर्थाचं काम.

साक्षीदार वुडलँड्सला, आपल्या भाचीच्या फ्लॅटमध्ये राहायची. भाची इथेच लग्न करून स्थायिक झालेली, एका क्लिनिकमध्ये काम करणारी. वीसेक वर्षांपूर्वी मावशीच्या गावात सैनिक शिरले, तेव्हा मावशीचा नवरा मारला गेला आणि मुलीला ते घेऊन गेले. ती परत आली नाही. ज्या अधिकाऱ्याच्या हुकमाने ते झालं, तो आता म्हातारा होऊन त्या थंड शहरात आरोपी म्हणून बसला होता. हे सगळं मला माहीत होतं, कारण तिचा जुना जबाब माझ्याच हातून सिस्टिमवर चढला होता. चार पानं. त्यात ‘माझी मुलगी’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले होते.

न्यायालयाकडून आधी एक यादी आली. खोलीत काय कुठे असावं त्याची. पडदा कुठला, खुर्ची कशी, दिव्याचा कोन किती. आणि एका ओळीत लिहिलं होतं: टिश्यूचा डबा, साक्षीदाराच्या डाव्या हाताला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा. ती ओळ मी दोनदा वाचली. रडणं गृहीत धरलेलं होतं. फक्त ते चौकटीत नीट दिसायला हवं होतं, डबा मात्र दिसायला नको होता.

यादीबरोबर न्यायालयाचा एक अधिकारीही आला. साक्ष चालू असताना खोलीत बसून, साक्षीदाराला कोणी पढवत नाही ना ते बघणं, हे त्याचं काम. उंच, घामाघूम, सभ्य माणूस. मी त्याला वाईट म्हणू शकत नाही आणि तेच मला जड जातं. त्या सगळ्या प्रकरणात वाईट म्हणता येईल असं कोणी भेटलंच नाही. तो फक्त नियम पाळायचा, आणि दुपारी चारला कोर्ट सुरू व्हायच्या आधी सँडविच वेळेवर येईल ना, याची चौकशी करायचा. त्यांची सकाळ ती आमची दुपार.

पहिल्या दिवशी भाची तिला टॅक्सीने घेऊन आली. बुटकी, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेली बाई. पायात नव्या चपला. कोर्टासाठी घेतलेल्या असाव्यात, कारण त्या तिला लागत होत्या. इथे वयस्कर बाईला सगळेच आंटी म्हणतात, मीही तेच म्हटलं. तिला इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नव्हतं. तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

आता गंमत बघा. गंमत कसली, किळस. त्या बाईची ओळख गुप्त ठेवायची होती. कागदोपत्री तिला नाव नव्हतं, नुसता क्रमांक. पडद्यावर चेहरा धूसर करायचा, आवाज बदलायचा. यासाठी न्यायाधीशांनी स्वतंत्र आदेश काढला होता. आणि आमच्या इमारतीच्या लॉबीत सिक्युरिटीवाल्याने तिचं ओळखपत्र मागितलं, वहीत पूर्ण नाव लिहिलं आणि त्याच नावाचा स्टिकर छापून तिच्या छातीवर चिकटवला.

मी म्हटलं, “अंकल, यांना पासशिवाय जाऊ द्या. मी लिहून देते.”

“कॅनॉट लाह, मॅडम,” तो इथल्या इंग्रजीत म्हणाला. “सगळ्यांना सेम रूल.”

वर गेल्यावर मी तो स्टिकर काढला. ब्लाउजच्या कापडावर चिकट डाग राहिला. ती तो नखाने खरवडत बसली. अधिकाऱ्याने ते पाहिलं आणि आपल्या वहीत काहीतरी टिपून घेतलं. पण लॉबीतली ती वही तिथेच राहिली, जातायेता कुणीही वाचावी अशी उघडी.

कोर्ट सुरू होण्याआधी आवाजाची चाचणी असायची. पलीकडे, त्या शहरात, काचेच्या केबिनमध्ये दुभाषी बसलेला. आंटीची भाषा आणि इंग्रजी दोन्ही पक्क्या येणारा, न्यायालयाच्या यादीवरचा त्या भाषेचा हाच एक माणूस त्या महिन्यात उपलब्ध होता. दुसरी दुभाषी, एक बाई, बाळंतपणाच्या रजेवर होती. नियमाप्रमाणे दुभाष्याने अर्ध्या तासाने बदली द्यायची असते, कारण त्यानंतर डोकं चालत नाही. इथे बदली द्यायला कोणी नव्हतंच.

चाचणीसाठी मी मराठीत काहीबाही बोलायची. तो हसून म्हणाला, “तुमच्या भाषेत तो, ती, ते असतं ना? खुर्चीलाही?”

“हो. खुर्ची ती, टेबल ते, पंखा तो.”

“आमच्यात माणसालासुद्धा नाही. तो आणि ती, एकच शब्द. इंग्रजीत सांगताना दर वेळी मला ठरवावं लागतं. थकलो की चुकतं.”

पहिला दिवस आवाजातच गेला. आंटीचा आवाज ओळखू येऊ नये म्हणून आम्ही तो यंत्रातून बदलून पाठवत होतो, आणि तो बदललेला आवाज दुभाष्याला कळेना. तिची बोली मुळातच गावाकडची, त्यात आवाज विहिरीतून आल्यासारखा. तो दर वाक्याला म्हणायचा, पुन्हा सांगा. ती पुन्हा सांगायची. नवऱ्याला दारात मारलं, हे वाक्य तिने तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा ती ओरडून बोलली, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी. मग न्यायाधीशांनी कामकाज तहकूब केलं आणि ‘तांत्रिक अडचणीबद्दल’ साक्षीदाराची दिलगिरी व्यक्त केली. ती तांत्रिक अडचण म्हणजे मी. मी रात्रीचं जेवण टाळलं इतकी माझीच मला शिसारी आली होती.

आवाजाचा प्रश्न मी सोडवला. दुभाष्याला खरा आवाज, बाकीच्यांना बदललेला, अशा दोन वेगळ्या वाटा करून. आधीच सुचायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला ती आली आणि दोन तास नुसती बसून राहिली. पडद्यावर न्यायालयाचं बोधचिन्ह. पलीकडे बचाव पक्षाचे वकील हरकत घेत होते की एका कागदाचं भाषांतर त्यांना मिळालेलं नाही. ते खरंही होतं. भाषांतर विभागात कागद साठून राहिले होते. माझ्या कानाला हेडफोन असल्याने मला सगळं ऐकू येत होतं. आंटीला काही नाही. ती माझ्याकडे बघायची, मग पडद्याकडे.

मी अधिकाऱ्याला हळूच म्हटलं, “यांना निदान सांगू या का, उशीर कशामुळे होतोय ते?”

“साक्षीदाराशी कामकाजाबद्दल बोलायचं नाही.”

“कागदाचं भाषांतर झालं नाही एवढंच सांगायचं.”

“तेही कामकाजच आहे,” तो म्हणाला. आणि मग, अगदी मनापासून, “त्यांना सँडविच हवंय का विचारा.”

तिला सँडविच नको होतं. संध्याकाळी सहाला सांगितलं, आज होणार नाही. भाची बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून होती, कारण नातेवाइकांना आत परवानगी नव्हती.  तिने मावशीच्या पायातल्या नव्या चपला काढल्या, स्वतःच्या जुन्या सपाता तिला दिल्या आणि स्वतः त्या नव्या, अपुऱ्या चपलांत कशीबशी पाय कोंबून लिफ्टकडे गेली.

साक्ष झाली ती तिसऱ्या खेपेला.

त्या दिवशी सगळं सुरळीत होतं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. आंटी सरळ बसली होती, हात मांडीवर. नदीकाठची वीटभट्टी, तिथे गावातल्या बायकांना कसं जमवलं, कोणी यादी वाचली, हे तिने न अडखळता सांगितलं. मला तिची भाषा येत नव्हती, पण इतक्या दिवसांत तिचा सूर कळायला लागला होता. ती रडली नाही. टिश्यूचा डबा जिथल्या तिथे राहिला.

पाऊण तास होऊन गेला होता. दुभाषी एकटाच होता, त्याचा आवाज घोगरा झाला होता. आंटी मुलीबद्दल बोलायला लागली. माझ्या एका कानात ती, दुसऱ्या कानात इंग्रजी. आणि इंग्रजीत येत होतं: माझं मूल माझ्या मागे उभं होतं. त्याने माझा पदर धरला होता. त्याला त्यांनी ओढलं. तो ओरडला नाही.

तो. तो. तो.

मला पहिल्यांदा वाटलं, माझीच ऐकण्यात चूक होतेय. मग लक्षात आलं. आधीचं वाक्य सैनिकाबद्दलचं होतं, पुरुषाचं, आणि थकलेल्या माणसाची जीभ त्याच रुळावरून पुढे गेली होती.

बचाव पक्षाचे वकील उठले. आवाज शांत, जवळजवळ प्रेमळ. “आपल्या लेखी जबाबात आपण मुलगी म्हटलं आहे. आज या न्यायालयासमोर आपण सातत्याने मुलाबद्दल बोलत आहात. आपल्याला नक्की काय होतं, मुलगा की मुलगी?”

तेवढ्यात दुभाष्याला उमगलं. तो मध्येच म्हणाला, “दुभाष्याला आपल्या भाषांतराबाबत एक खुलासा करायचा आहे...”

मुख्य न्यायाधीश म्हणाल्या, “कृपया लेखी द्या. आपल्याला ठरलेल्या वेळेत संपवायचं आहे. साक्षीदाराने प्रश्नाचं उत्तर द्यावं.”

प्रश्न आंटीच्या भाषेत गेला. तुला काय होतं, मुलगा की मुलगी?

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला प्रश्न समजला नव्हता, म्हणजे शब्द समजले होते, पण असं कोणी का विचारेल ते समजलं नव्हतं. चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून, एवढी मोठी माणसं विचारतायत, मुलगा की मुलगी, याचा तिने एकच अर्थ लावला. ती खुर्चीतून अर्धी उठली आणि एकच छोटं वाक्य बोलली.

दुभाषी थांबला. मग इंग्रजीत आलं, “साक्षीदार विचारते आहे, तो सापडला का?” आणि लगेच, घाईघाईने, “ती. ती सापडली का?”

 पडद्यावर मला वकिलांच्या काळ्या झग्याची किनार आणि हातातला कागद दिसत होता. मग ते म्हणाले, “साक्षीदाराने प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही, हे नोंदवून घ्यावं.”

वेळ संपली. पडदा काळा झाला.

मी हेडफोन काढला आणि अधिकाऱ्यासमोर जाऊन उभी राहिले.  “ही भाषांतराची चूक आहे. त्यांच्या भाषेत तो आणि तीला एकच शब्द आहे. आत्ताच्या आत्ता कळवा त्यांना.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचेही डोळे ओले होते, हे मी इमानदारीने लिहिते. “तुम्ही तांत्रिक कर्मचारी आहात,” तो म्हणाला. “तुम्ही काही ऐकलेलं नाही. तुमचं मत नोंदीत गेलं तर उद्या बचाव पक्ष म्हणेल, खोलीत ढवळाढवळ झाली, आणि तिची अख्खी साक्ष बाद होईल. तुम्हाला तेच हवंय का?”

तो बरोबर बोलत होता. तिथे प्रत्येकजण दर वेळी बरोबरच बोलायचा.

आंटी भाचीला धरून उभी होती आणि पुन्हा पुन्हा तेच वाक्य विचारत होती. भाचीने माझ्याकडे पाहून इंग्रजीत विचारलं, “काय झालं आत? ही असं का विचारतेय?” आणि मला सांगायची परवानगी नव्हती. मी म्हटलं, “उत्तर येईल. ते कळवतील.” आणि लिफ्टचं बटण दाबून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्यायालयाला ईमेल लिहिलीच. साधी, चार ओळींची. दुपारी डायरेक्टरने बोलावलं. तो चिडलेला नव्हता, उलट समजावणीच्या सुरात होता. “आपण पाइप आहोत. या टोकाचं पाणी त्या टोकाला न्यायचं. पाइपने पाण्याबद्दल मत द्यायचं नसतं. कराराचं नूतनीकरण तोंडावर आहे. तुझा पासही याच वर्षी रिन्यू होणार ना?”

मी ईमेल मागे घेतल्याचं कळवलं. ‘गैरसमजातून’ असा शब्द वापरला. तो शब्द मी स्वतः निवडला, कोणी सांगितला नव्हता. संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेताना ती म्हणाली, “ममा, यू नॉट लिसनिंग लाह.” ऐकणं हेच माझं काम होतं आणि तेच मला नको झालं होतं.

दुरुस्तीचा अर्ज शेवटी दुभाष्याने केला. तो माझ्यासारखा नव्हता. त्याच्या अर्जावर पडताळणी व्हायला हवी होती, पडताळणीसाठी दुसरा दुभाषी हवा होता, आणि दुसरी बाई अजून रजेवर होती. ती आली तेव्हा आधीचं साठलेलं काम होतं. मग न्यायालयाची सुट्टी. मग एक न्यायाधीश मुदत संपल्याने निवृत्त झाले आणि नवे न्यायाधीश आले, त्यांना सगळी कागदपत्रं पहिल्यापासून वाचायची होती. महिने गेले. मला दर आठवड्याला स्थितीची ईमेल यायची, कारण मूळ ध्वनिमुद्रण आमच्याकडे होतं. मी दर आठवड्याला ‘मिळाली’ असं उत्तर द्यायची.

दरम्यान आरोपीची तब्येत ढासळली. आधी तो आठवड्यातून तीन दिवस बसायचा, मग दोन, मग डॉक्टरांची समिती नेमली गेली. आणि एक दिवस तो वारला. खटला बंद झाला. मेलेल्या माणसाला दोषी ठरवता येत नाही, त्यामुळे निकाल नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी दुरुस्ती मंजूर होऊन आली. मंजूर! जुनं पान काढून नवं पान चढवायचं काम माझंच होतं. मी चढवलं. ‘तो’च्या जागी ‘ती’, अकरा ठिकाणी. खाली बारीक अक्षरात तळटीप. ते पान कोणी वाचण्याचं आता काहीच कारण उरलं नव्हतं.

त्याच महिन्यात आमच्या डायरेक्टरने नव्या गिऱ्हाइकांसाठी सादरीकरण बनवलं. त्यात एक पान या कामाचं: संवेदनशील साक्ष, उत्तम ध्वनी, समाधानी गिऱ्हाईक. ते बोलून दाखवायला मला उभं केलं. मी उभी राहिले आणि नीट बोलले. बुओना व्हिस्टाच्या एका चकचकीत ऑफिसात लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले, मग तोंड धुऊन परत येऊन प्रश्नांची उत्तरंही दिली. पुढच्या महिन्यात तेच सादरीकरण दुसऱ्या ठिकाणी केलं. तेव्हा ओकले नाही, आणि मला वाटतं तेच जास्त वाईट.

साक्षीदाराचा पत्ता गुप्त असल्याने न्यायालयाने तिला लिहिलेलं पत्र आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं. कुरियरने पाठव, असं डायरेक्टर म्हणाला. मी एका शनिवारी सकाळी स्वतः वुडलँड्सला गेले.

दार भाचीने उघडलं. आंटी स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून सुक्या मासळीची डोकी खुडत बसली होती. तिने मला ओळखलं, पण उठली नाही. भाचीने पत्र फोडून मोठ्याने वाचलं आणि मग आपल्या भाषेत सांगितलं. न्यायालय साक्षीदाराच्या मोलाच्या योगदानाबद्दल आभारी आहे. आरोपीच्या निधनामुळे कामकाज समाप्त झालं आहे.

आंटीने काहीतरी विचारलं.

“कसा मेला, विचारतेय,” भाची म्हणाली.

“हॉस्पिटलमध्ये,” मी म्हटलं. “आजारी होता.”

“जवळ कोण होतं?”

मला माहीत होतं. बातमीत आलं होतं. “बायको. आणि मुलं.”

हे ऐकून आंटीने हातातली मासळी वर्तमानपत्रावर टाकली. मग पुन्हा खुडायला लागली. थोड्या वेळाने, मान वर न करता, तिने लांबलचक काहीतरी विचारलं.

भाची माझ्याकडे वळली. “त्या दिवशी ते मुलगा की मुलगी का विचारत होते? तिला वाटलं होतं, सापडली. किती दिवस ती फोनची वाट बघत होती.”

खटला बंद झाला होता, आता मला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. मी सगळं सांगितलं. दुभाषी थकला होता, एकटाच होता. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, त्याच्याकडून चुकीचा गेला. वकिलांना वाटलं, ती खोटं बोलतेय. मग अर्ज झाला, पडताळणी झाली, आता कागदावर बरोबर शब्द आहे. भाची वाक्यामागून वाक्य तिला सांगत गेली. आंटी ऐकत होती, बोटं चालू होती. सगळं सांगून झाल्यावर ती एवढंच बोलली, आणि भाचीने ते मला तसंच सांगितलं:

“मग मला विचारायचं ना. मी तिथेच बसले होते.”

 तिने मला बस म्हटलं नाही आणि मला ते योग्यच वाटलं. भाची दारापर्यंत आली. म्हणाली, पुन्हा असं काही पत्र आलं तर आणू नका, तिकडेच ठेवा.

ती नोकरी मी सोडली, पण लगेच नाही. दीड वर्षाने, दुसरी मिळाल्यावर, पास हातात पडल्यावर सोडली. निरोपाच्या दिवशी केक कापला, फोटो काढले. त्या फोटोत मी हसते आहे.